मनगटावरचं घड्याळ आणि मी

मी एक जुना रेंजफाइंडर आहे. ‘जुना’ हे मी आपणहून सांगतोय, मित्रांनो. दुसरं कुणी म्हटलं की अजूनही झोंबतं मला.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं नसेल. मुठीत मावेल एवढी दुर्बीण समजा, फक्त ती एका डोळ्याला लावायची. गोल्फच्या मैदानावर दूर कुठंतरी एक झेंडा रोवलेला असतो. त्याच्या पायथ्याशी चेंडू जाण्याचा खड्डा असतो आणि भोवती बारीक कापलेल्या गवताचा गालिचा. त्याला ग्रीन म्हणतात. खेळणाऱ्याने झेंड्यावर नेम धरायचा, माझ्या डोक्यावरचं बटण दाबायचं, की माझ्यातून एक न दिसणारा किरण निघतो, झेंड्याला शिवून परत येतो आणि मी आकडा दाखवतो. एकशे बेचाळीस यार्ड. यार्ड म्हणजे मोठ्या माणसाचं एक मोठं पाऊल. अंतर कळलं की कोणती काठी घ्यायची ते ठरतं. एवढंच माझं काम. पण ते मी कधीही अंदाजपंचे केलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझी काच पुसून पुसून लख्ख केली आणि टोकाच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळीवर नेम धरून मला तपासलं. माझा आकडा पहिल्या फटक्यात बरोबर आला. शेजारच्या दोघांचा आला नाही, त्यांना परत उघडावं लागलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे माझ्यावर जो आळ आला तो ऐकताना तुम्हांला याची आठवण असलेली बरी.

दुकानात मी फार दिवस राहिलो नाही. एके सकाळी एक ताठ कण्याचे गृहस्थ आले. आदल्याच दिवशी नोकरीतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. त्यांनी मला उचललं, दुकानाच्या दारात उभे राहिले आणि समोरच्या न्हाव्याच्या पाटीवर नेम धरला. मी म्हटलं एकसष्ट. साहेबांनी मला काउंटरवर ठेवलं, रस्त्यात उतरले आणि पावलं मोजत पाटीपर्यंत गेले. दोन गाड्यांनी भोंगे वाजवले. साहेब तितक्याच शांतपणे मोजत परत आले.

“बरोबर आहे,” ते दुकानदाराला म्हणाले. “द्या बांधून.”

असा धनी मिळायला भाग्य लागतं. आकड्याची किंमत कळणारा माणूस होता तो.

त्यानंतरची चार वर्षं माझी होती. साहेबांच्या कमरेला माझी चामडी पिशवी असायची. त्यांचा उजवा हात सवयीने तिच्यावर पडायचा, मग मी वर उचलला जायचो, मग त्यांची भुवई माझ्या कडेला टेकायची. एका फेरीत पन्नास वेळा तरी. इतर खेळाडूसुद्धा लांबून ओरडून विचारत, “मोजणीसाहेब, इथून किती?” आणि साहेब माझा आकडा आपलाच असल्यासारखा सांगत. मला त्याचं काही वाटत नसे. आमच्यात तुझं-माझं नव्हतंच.

साहेबांचे एक जुने मित्र होते, हेडमास्तर. दोघे लहानपणापासून शेजारी, शाळेत एका बाकावर आणि म्हातारपणी एका मैदानावर. दर आठवड्याला खेळायचे आणि दर फटक्याला भांडायचे. हेडमास्तर मला नाक मुरडायचे.

“मला नाही लागत असली खेळणी,” ते म्हणायचे. “चाळीस वर्षं शेवटच्या बाकावरचं पोरगं तोंडात काय लपवतंय ते फळ्यापासून ओळखलंय मी.”

“म्हणूनच तुझा चेंडू रोज वाळूत असतो, मास्तर,” साहेब म्हणायचे.

वर्षातून एकदा दोघांचा मोठा सामना व्हायचा. हरणाऱ्याने सगळ्यांसमोर, क्लबाच्या पायऱ्यांवर बसून, जिंकणाऱ्याचे बूट पुसायचे. त्या चार वर्षांत साहेबांचे बूट तीनदा चकाकले. श्रेय कुणाचं, हे मी सांगायला नको.

पाचव्या वर्षी कुठे बिनसलं ते मला कळलं नाही. झेंडा नाचायला लागला. काचेतून बघावं तर तो डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मला वाटलं, वारा. वारा पडलेला असला तरी मला वाटलं, वारा. किरण झेंड्याला चुकून मागच्या झाडावर आदळायचा आणि मी झाडाचं अंतर सांगायचो. ते अंतर खरंच असायचं, फक्त साहेबांच्या कामाचं नसायचं. चेंडू ग्रीन ओलांडून झुडपात जायचा.

मग एके दिवशी त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं. झेंडा जरा ठरला. तेवढ्यात मागून हेडमास्तर ओरडले, “अरे मोजण्या, दोन हातांनी काय धरतोस? तोफ डागतोयस की काय?”

चार-पाच जण होते, सगळे खो खो हसले. साहेबही हसले. त्यानंतर त्यांनी मला दोन हातांनी कधी धरलं नाही. धरायचंच कमी केलं.

आणि मग ते आलं. ते कार्टं.

साहेबांची लेक सुट्टीला घरी आली होती. मी जेवणाच्या खोलीत कपाटावर होतो, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. साहेब चहा पीत होते, कप बशीत खडखडत होता. लेकीने बराच वेळ कपाकडे पाहिलं. मग तिने आपल्या बॅगेतून एक डबी काढली. आत घड्याळ. काळं, गुळगुळीत, चपटं.

“बाबा, हे हातात घाला. यात गोल्फचं अ‍ॅप आहे. काही उचलायला नको, डोळ्याला लावायला नको. नुसतं मनगटाकडे बघायचं.”

“आहे की माझ्याकडे मोजायचं,” साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, शाब्बास!

“तरी घाला. माझ्यासाठी.”

तिने ते त्यांच्या उजव्या मनगटावर बांधलं. घड्याळ लोक डाव्या हातात घालतात, पण साहेबांच्या डाव्या हातात खेळताना हातमोजा असतो. उजवा हात म्हणजे माझा हात. नेमक्या त्याच हातावर हे येऊन बसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उचलायला नको म्हणे! मला उचलण्याचे कष्ट कधीपासून व्हायला लागले?

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्याने माझी अब्रू वाढणार नाही, पण आत्मवृत्त सांगायचं तर खरं सांगावं. त्या घड्याळाचा मी इतका हेवा केला, इतका केला, की तेवढा वेळ झेंड्याकडे बघितलं असतं तर मैदानातलं गवताचं पातं न् पातं मोजून झालं असतं. काय होतं त्याच्यात? ते स्वतः काही बघतच नाही. झेंडा कुठल्या रंगाचा हेही त्याला ठाऊक नसतं. आभाळात फिरणाऱ्या कुणाकडून तरी विचारून घेतं, पोटातल्या नकाशाशी जुळवतं आणि तीन-तीन आकडे फेकतं. ग्रीनची पुढची कड इतकी, मध्य इतका, मागची कड इतकी. घ्या वाटेल तो. मला एकच आकडा ठाऊक, पण तो मी स्वतःच्या डोळ्याने पाहून सांगतो.

आणि मिरवायचं तरी किती! साहेबांची पावलं मोजायचं. नाडी मोजायचं. झोप मोजायचं. पाण्यातही खराब व्हायचं नाही, म्हणून अंघोळीलासुद्धा बरोबर. जेवताना बरोबर. मी मात्र गाडीच्या शेजारी, गोल्फच्या बॅगेत, खालच्या कप्प्यात. सोबतीला चेंडू टेकवायच्या लाकडी खुंट्या, पेन्सिलीचा तुकडा आणि भोक पडलेला हातमोजा. ज्या कप्प्यात मला टाकलं त्याची चेन नीट लागत नव्हती, आत धूळ यायची. माझ्या काचेवर थर बसला. एकदा तरी साहेबांचा हात आत येईल, चुकून का होईना मला धरेल, एवढीच माझी आशा होती. हात यायचा आणि खुंटी घेऊन जायचा.

हेही मी सोसलं असतं. पण एके दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, “काय रे, तुझी ती दुर्बीण कुठे गेली?”

“बिघडली,” साहेब म्हणाले. “काही खरं राहिलं नाही तिचं. भलते आकडे दाखवते.”

मी? भलते आकडे? दुकानाच्या दारातून ज्याने मला पारखून घेतलं, त्याच्याच तोंडी हे? त्या दिवसापासून मी घड्याळाचं वाईट चिंतायला लागलो. त्याची काच फुटावी. त्याचा पट्टा तुटावा. भर सामन्यात त्याने साहेबांना तोंडघशी पाडावं, म्हणजे खरा कोण ते सगळ्यांना कळेल आणि साहेब मला परत हातात घेतील. देव असल्या मागण्या ऐकत नाही म्हणतात. माझी ऐकली.

वार्षिक सामन्याचा दिवस होता. मैदानावरचं सातवं ग्रीन कित्येक महिने बंद होतं. ते उकरून, थोडं मागे सरकवून नवीन बांधलं होतं आणि नेमकं त्या सकाळी खुलं झालं होतं. तसा कागद क्लबाच्या फळ्यावर लावलेला होता. दोघांनी तो वाचला होता.

सहा ग्रीन झाली तेव्हा दोघे बरोबरीत होते. सातव्याला दोघांचे चेंडू जवळजवळ पडले. चेनीच्या फटीतून मी बघत होतो, साहेबांनी मनगट वर केलं.

“एकशे अठ्ठावीस,” ते म्हणाले.

“लांब दिसतंय रे,” हेडमास्तर डोळे बारीक करून म्हणाले. “वाळूचा खड्डा मधे आहे, म्हणून जवळ वाटतंय.”

“घड्याळ सांगतंय एकशे अठ्ठावीस.”

साहेबांनी नऊ नंबरची, जवळच्या फटक्याची काठी घेतली. फटका सुरेख बसला. आवाजावरूनच मला कळतं ते. चेंडू सरळ गेला, उंच गेला आणि वाळूच्या खड्ड्याच्या मध्यावर थप्पदिशी पडला.

कारण उघड होतं. ग्रीन मागे सरकलं, पण घड्याळाच्या पोटातला नकाशा जुनाच होता. लेकीने बजावलं होतं, अधूनमधून फोनला जोडत जा, नकाशे नवे होतात. साहेबांनी कंटाळा केला होता. आणि गंमत बघा, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हाताखालच्यांना कागदावर विसंबलात म्हणून झापलं, जमिनीवर जाऊन बघा म्हणून पिटाळलं, तोच माणूस समोर नवी जमीन दिसत असताना जुन्या नकाशावर विसंबला.

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. साहेबांचा चेंडू वाळूत गेल्याचं मला तीळभर दुःख झालं नाही, मित्रांनो. आज त्याची लाज वाटते.

हेडमास्तर म्हणाले, “तुझ्या घड्याळाने घोळ घातला. काढ तुझी ती दुर्बीण. मला तरी नीट मारू दे.”

“बिघडलीय म्हटलं ना.”

“बघू तर.” त्यांनी साहेबांच्या बॅगेत हात घातला आणि मला बाहेर काढलं. दीड वर्षानंतर ऊन लागलं मला. त्यांनी शर्टाच्या टोकाने माझी काच पुसली, मला डोळ्याला लावलं, बटण दाबलं. बॅटरीत जीव शिल्लक होता. मी जीव तोडून बघितलं. झेंडा जागच्या जागी, खिळ्यासारखा.

“एकशे एक्कावन्न!” हेडमास्तर म्हणाले. “लख्ख दिसतंय की रे. कोण म्हणतं बिघडलीय?” त्यांनी लांब काठी घेतली आणि चेंडू झेंड्याजवळ टाकला. मग मला पुढे करून म्हणाले, “घे, बघ तूच.”

हाच तो क्षण होता. साहेबांचा हात पुढे येणार आणि मी माझ्या जागी परत जाणार.

हात आला नाही. साहेब चार-पाच पावलं मागे सरकले आणि बॅग ठेवलेल्या आपल्या ढकलगाडीशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडे अर्धी पाठ करून.

“पळतोस काय?” हेडमास्तर हसले. “थांब, तुझंच अंतर मोजतो.” त्यांनी मला परत डोळ्याला लावलं आणि साहेबांवर रोखलं. “सहा यार्ड! फक्त सहा...”

आणि ते हसायचे थांबले.

माझ्या काचेतून वस्तू सहा पट मोठी दिसते. काचेत साहेबांचा उजवा हात होता. तो थरथरत होता. वाऱ्याने पान थरथरतं तसा नाही. वारा थांबला की पान थांबतं. हा थांबत नव्हता. त्या मनगटावर ते घड्याळ होतं आणि हाताबरोबर तेही हलत होतं. साहेब डाव्या हाताने ते मनगट घट्ट दाबून धरत होते, कुणाला दिसू नये म्हणून.

चार वर्षं मी त्यांच्या भुवईला टेकून होतो. पण माझं तोंड नेहमी झेंड्याकडे. साहेबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मग सगळं एकदम कळलं. नाचणारा झेंडा. खडखडणारी बशी. लेकीचं ‘काही उचलायला नको’. काठी धरायला दोन हात लागतात, ते एकमेकांना सावरतात, म्हणून फटका अजून सुरेख बसायचा. मला धरायला एकच हात लागतो आणि तोच हात गेला होता. आणि ज्या जागेसाठी मी दीड वर्ष जळलो, ती जागा ही होती. तिथे बसून ते घड्याळ दिवसभर ती थरथर सोसत होतं आणि त्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून गुपचूप आकडे दाखवत होतं.

हेडमास्तरांनी मला खाली घेतलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं होतील.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं. जिवाला धोका नाही म्हणाले. वाढेल म्हणाले, हळूहळू.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?”

“तू तोफ म्हणालास ना. सगळे हसले. उद्या म्हणाल, मोजण्या म्हातारा झाला, त्याला घरी बसवा. मला हे मैदान सोडायचं नाही रे, मास्तर. दुसरं काय उरलंय मला?”

हेडमास्तरांनी मान खाली घातली. अख्खी शाळा ज्यांना घाबरायची, ते मला हातात उलटंपालटं करत राहिले. “म्हणून या बिचारीला बिघडलेली म्हणालास?”

“कुणाला तरी म्हणावंच लागलं असतं,” साहेब म्हणाले.

माझा राग तिथेच वितळला. पण दुःख राहिलं. खरं उघड झालं तरी मी त्यांच्या हातात परत जाणार नव्हतो.

सामना हेडमास्तरांनी एका ग्रीनने जिंकला. उरलेल्या प्रत्येक फटक्याला ते मला डोळ्याला लावून साहेबांचंही अंतर मोठ्याने सांगत होते. नियमात ते बसतं, अंतर कुणीही कुणाला सांगू शकतं. तरीही साहेब हरले. पायऱ्यांवर हेडमास्तर म्हणाले, “राहू दे रे आज बूट.”

“का राहू दे?” साहेब कडाडले. “हरलोय मी. काढ बूट.”

सगळ्यांसमोर ते पायरीवर बसले आणि त्यांनी उजव्या हातात ब्रश घेतला. हात थरथरला. सगळ्यांनी पाहिलं. हेडमास्तर पाय पुढे करून म्हणाले, “वा! तुला तर घासायलाही लागत नाही, ब्रश आपोआप चालतोय.” मग सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने साहेब हसले. त्या दिवसानंतरही ते घरी बसले नाहीत आणि त्यांना बसा असंही कुणी म्हटलं नाही.

मी आता हेडमास्तरांच्या बॅगेत असतो. चांगला कप्पा आहे, चेन लागते. घड्याळ साहेबांच्या मनगटावर आहे, त्याचे नकाशे लेक फोनवरून आठवण करून करून नवे करायला लावते. तिच्या धाकाने साहेब आता कंटाळा करत नाहीत. मित्रांनो, माझा हेवा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. अजूनही ते सकाळी साहेबांबरोबर उठतं आणि मी नाही, हे आठवलं की कुठंतरी टोचतं.

तुम्हांला माझं एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू ठेवून द्यायची असेल तर खुशाल ठेवा, पण तिची काच पुसा, बॅटरी काढा, आणि आपलं दुखणं झाकायला तिला बिघडलेली म्हणू नका. चांगलं नाव, तेवढंच तिच्याजवळ असतं. आणि कुणाचा हेवा वाटलाच, तर तो बसलाय ती जागा एकदा जवळून बघा.

गेल्या आठवड्यात दोघेच मैदानावर होते. हेडमास्तरांनी मला बाहेर काढलं आणि डोळ्याला न लावता साहेबांच्या उजव्या हातात दिलं. साहेब नको नको म्हणत होते. “उचल,” हेडमास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपला पंजा खालून साहेबांच्या मनगटाला लावला, घड्याळासकट ते घट्ट धरलं. मी वर गेलो. साहेबांची भुवई माझ्या कडेला टेकली. झेंडा नाचला, नाचला आणि थांबला.

घड्याळ त्या पंजाखाली दबलं होतं. पूर्वी मला याचा केवढा आनंद झाला असता! पण तेव्हा मला एवढंच वाटलं, की मास्तर, जरा हळू धरा, तेही आपलंच आहे.

“किती?” हेडमास्तरांनी विचारलं.

“एकशे चौतीस,” साहेब म्हणाले, आणि लगेच खाली घेतलं नाही मला.